नातीचे डी जीवनसत्त्वाचे थेंब

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

धाकटी पुढच्या आठवड्यात बाळाला घेऊन तुमच्याकडे येईल. बाळ ३१ आठवड्यांना जन्मलंय आणि आता कुठे दोन किलो झालंय, म्हणून आमच्या वेळी जे जे केलंत ते सगळं या बाळाला चालणार नाही. फोनवर तुमचे निम्मे प्रश्न डी जीवनसत्त्वाच्या थेंबांबद्दल होते. ते नीट लिहूनच पाठवते, म्हणजे कागद फ्रिजवर लावता येईल.

आई, तुझा प्रश्न पहिला: पुरे दिवस भरलेल्या बाळांनाही हेच थेंब देतात, मग हिच्याबाबतीत एवढी काळजी कशाला? पोटातल्या बाळाची हाडं भरतात ती मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. जन्मापर्यंत जेवढं कॅल्शियम आणि फॉस्फरस बाळाच्या अंगात जमा होतं, त्यातलं जवळजवळ ८० टक्के याच काळात आईकडून येतं. हिला त्यातले दोन महिने मिळालेच नाहीत. डी जीवनसत्त्वही आईच्या रक्तातूनच येतं आणि बाळाची पातळी आईपेक्षा कमीच असते. आपल्याकडे ऊन रग्गड असूनही कितीतरी बायकांच्या रक्तात ते कमी सापडतं. मग बाळाकडे शिल्लक कुठून असणार?

आईच्या दुधातून ही तूट भरून निघत नाही. अंगावरचं दूध बाकी सगळ्या बाबतीत उत्तमच आहे आणि तेच द्यायचं, पण त्यात डी फारच कमी. एका लिटरला फार तर ८० युनिट, बहुतेकींचं त्याहून कमी. दोन किलोचं बाळ दिवसाला साधारण ३२० मिली दूध घेतं, म्हणजे जेमतेम २५ युनिट. हिच्या कागदावर लिहिलेत रोज ८००. हा आकडा डॉक्टरांनी मनाने लिहिलेला नाही. जन्मतः दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांना रोज ४०० ते १००० युनिट द्यावेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली सांगितलं होतं.

आता कोवळं ऊन. आई, सकाळी सातच्या उन्हात बाळाला धरलं की छान वाटतं हे खरं, पण त्या उन्हात डी तयार करणारे किरण जवळजवळ नसतातच. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लांब पडत असेल, तर त्या उन्हाचा या कामी फारसा उपयोग नाही. खिडकीच्या काचेतून तर ते किरण आत येतच नाहीत. आणि ज्या उन्हात ते असतात, त्या अकरा-बाराच्या उन्हात दोन किलोचं बाळ न्यायचं नाही. त्वचा पातळ असते, अंगातलं पाणी झटकन कमी होतं, ताप चढतो. तेव्हा ऊन विसरा, भरवसा थेंबांवरच ठेवा.

थेंब देताना सर्वात जास्त चुका मापात होतात. दुकानात एका मिलीत ४०० युनिट असलेली बाटलीही मिळते आणि ८०० असलेलीही. खोकी दिसायला सारखीच. आपल्याकडे ८०० वाली दिली आहे, म्हणजे रोज १ मिली. उद्या औषधवाल्याने ४०० वाली दिली तर तेच १ मिली अर्धं पडेल. उलट कुणी २ मिली द्यायच्या सवयीत असेल आणि ८०० वाली हातात आली, तर दुप्पट जाईल. परदेशातून कुणी आणून दिलेली बाटली तर उघडूच नका. त्यातल्या काहींमध्ये एका थेंबात ४०० युनिट असतात. ती मिलीने दिली तर एका वेळी दहा हजारांच्या वर जातात. अमेरिकेतल्या औषध प्रशासनाला २०१० साली नेमक्या याच गोंधळाबद्दल पालकांना सावध करावं लागलं होतं.

ड्रॉपर त्या बाटलीबरोबर आलेलाच वापरा. लोहाच्या बाटलीचा इकडे नको, आणि चहाचा चमचा तर नकोच. दुसरी गोष्ट, मल्टिव्हिटॅमिनच्या बाटलीतही बहुतेक वेळा डी असतंच. ती नंतर कुणी लिहून दिली, तर दोन्ही मिळून किती होतात हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

बाबा, तुमच्या कपाटातल्या ६०,००० युनिटच्या पुड्या तुम्ही आठवड्यातून एकदा दुधातून घेता. बाळ घरात असेपर्यंत त्या वरच्या फळीवर ठेवा. ‘एकदाच दिली की महिनाभर बघायला नको’ असा सल्ला देणारे लोक भेटतील. ती एक पुडी म्हणजे हिचे ७५ दिवसांचे थेंब एकदम. हे जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जात नाही, चरबीत साठतं. जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं आणि ते मूत्रपिंडात जाऊन बसतं. ब्रिटनमध्ये १९५० च्या दशकात बाळांच्या दुधात आणि खाण्यात मिळून हे जीवनसत्त्व फार जात होतं. बाळं ओकू लागली, वजन वाढेना, तेव्हा प्रमाण कमी करावं लागलं.

द्यायची पद्धत सोपी आहे. सकाळच्या एका ठरलेल्या दुधाच्या वेळी, बाळाचं डोकं थोडं उंच धरून, गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडायचं. जिभेच्या मागे सोडलं तर ठसका लागतो, आणि अशा बाळाचा ठसका वाईट. बोंडल्यातून द्यायचं असेल तर चमचाभर काढलेल्या दुधात मिसळा. पूर्ण वाटीत मिसळू नका, कारण बाळाने दूध उरवलं तर औषध किती गेलं ते कळत नाही. दिल्यावर कॅलेंडरवर खूण करा. घरात तिघं मोठी माणसं असताना औषध राहत नाही, दोनदा जातं! एखादा दिवस चुकलाच तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका. दिल्यावर लगेच ओकली तरी स्वतःच्या मनाने पुन्हा देऊ नका. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा आणि ती उन्हापासून लांब ठेवा.

मात्र एवढ्याने हाडं भरतील असं समजू नका. अपुऱ्या दिवसांच्या बाळांची हाडं कच्ची राहतात ती बहुतेक वेळा कॅल्शियम-फॉस्फरस कमी पडल्यामुळे. डी फक्त ते आतड्यातून आत घ्यायला मदत करतं. १०० मिली दुधात कॅल्शियम २५ ते ३० मिलीग्रॅम, म्हणजे बाळाला किलोमागे दिवसाला ४५ च्या आसपास. हवं असतं निदान १२०. म्हणून काढलेल्या दुधात फोर्टिफायरची, म्हणजे दुधातलं कॅल्शियम-फॉस्फरस वाढवणारी पुडी घालायला सांगितली आहे. पुडीवर जेवढं मिली लिहिलंय तेवढ्याच दुधात एक पुडी घाला. कमी दुधात घातली की दूध दाट होऊन पोट फुगतं. पुड्या थांबवल्यावर कॅल्शियम-फॉस्फरसचं सिरप येईल. ते आणि लोहाचे थेंब एकत्र देऊ नका, मध्ये दोन तास जाऊ द्या, कारण कॅल्शियम लोहाला शोषू देत नाही. आणि वजन वाढेल तसे सिरप आणि लोह वाढतात, डी मात्र वजनाबरोबर वाढवत नाहीत.

मालिशवाल्या मावशींना आधीच सांगून ठेवा, कारण आल्यावर त्या ऐकणार नाहीत. खोबरेल तेल कोमट करून तळहाताने हलकं फिरवायला हरकत नाही. हातपाय ओढून उलटसुलट घड्या घालणं, छाती चोळणं, टाळू दाबणं, पाय धरून उलटं टांगणं, हे काहीही नको. कच्च्या हाडाच्या बाळाची बरगडी किंवा मांडीचं हाड एवढ्यानेही मोडू शकतं. लंगोट बदलतानाही दोन्ही घोटे धरून उचलू नका, कुशीवर वळवून बदला. पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं तेही राहू दे. सध्या कोमट पाण्याने अंग पुसलं तरी पुरे. गुटी आणि धुरी तर नाहीच नाही. धुरीने हिच्या फुप्फुसांना त्रास होईल.

बाबा, रक्ताचे रिपोर्ट तुम्ही वाचणार हे मला माहीत आहे. अल्कलाइन फॉस्फटेज (हाडांच्या घडणीचा अंदाज देणारा रक्तातला घटक) ३०० किंवा ४०० दिसलं आणि शेजारी मोठ्या माणसांची मर्यादा छापलेली असली, तर घाबरू नका. वाढत्या बाळांत ते एवढं असतंच. ते ५०० च्या वर जाऊन फॉस्फरस कमी आला तर डॉक्टर लक्ष घालतात. नुसत्या डीच्या आकड्यावरून हाडं कशी आहेत ते कळत नाही. डीने फुप्फुसं सुधारतात, जंतुसंसर्ग टळतो, असं मोबाइलवर फिरतंय. तेवढा पुरावा नाही. हाडांपुरतं मात्र ते पक्कं आहे.

बाळ एक हात किंवा पाय हलवेना, उचलताना किंचाळलं, कुठे सूज दिसली, अंग थरथरलं, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. झटका आला, श्वास थांबला किंवा ओठ निळे पडले तर क्षणभरही वाट पाहू नका. दूध पिईना, सारखी ओकतेय, शी घट्ट, लंगोट नेहमीपेक्षा जास्त ओले, बाळ मलूल असं असेल, तर थेंब बंद करून बाटली बरोबर घेऊनच डॉक्टरांकडे जा.

थेंब निदान वर्षभर चालतील, पुढे बहुधा ४०० वर आणतील. कमी-जास्त करायचं ते डॉक्टरांनीच. नवी बाटली आणली की उघडण्याआधी लेबलचा फोटो मला पाठवा, त्यावर ‘प्रत्येक मिलीमध्ये’ ही ओळ स्पष्ट दिसू दे.

तुमची,
मोठी