पश्चिमेच्या उन्हाचं काय?

मा. संपादक, स. न. वि. वि.

मुंबईत कंबाला हिलवर आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांची १९८३ साली पूर्ण झालेली ‘कांचनजंगा’ ही २८ मजली इमारत आहे. तिथे समुद्र आणि वारा पश्चिमेला. पण भाजणारं ऊन अन् पावसाचा मारा तिकडूनच. कोरियांनी जुन्या बंगल्यांचा व्हरांडा डोळ्यांसमोर ठेवला आणि घरांच्या कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या बागेच्या गच्च्या कोरल्या. ऊन-पाऊस तिथेच अडतो, खोल्या सावलीत राहतात. घरं मात्र अवघी ३२.

आमच्या जुळे सोलापुरातल्या अपार्टमेंटला पश्चिमेकडून कसलाच आडोसा नाही. मे महिन्यात रात्री दहालाही बेडरूमच्या भिंतीला पाठ टेकवत नाही. बाल्कनी होती, तीही बिल्डरने काचा लावून हॉलमध्ये घेतली. माळवदाच्या वाड्यांना ओसरी देणाऱ्या गावात हे व्हावं, याचं फार वाईट वाटतं.

‘कांचनजंगा’ श्रीमंतांची आहे, हे खरं. पण सावलीला तेवढा पैसा लागत नाही. इथल्या आर्किटेक्ट मंडळींनी पश्चिमेला निदान एक खोल, उघडी बाल्कनी द्यावी. आणि ती आपण राहणाऱ्यांनी बंद करू नये.

– एक वाचक, जुळे सोलापूर