पाकिटावरचा पत्ता

कराड, 24 नोव्हेंबर 2025

चि. अनघास,
अनेक आशीर्वाद.

पाकिटावरचा पत्ता बघून दचकली असशील. तो मला कोणी सांगितलेला नाही. दिवाळीत तू निघालीस तेव्हा आईनं विचारला, तर "काही पाठवायचं असलं तर ऑफिसला पाठवा" म्हणालीस. दादालाही दिला नाहीस म्हणे.

मी तो तुझ्या व्हिडिओतून काढला. तू बसतेस तिथं मागं खिडकी आहे. तिच्यात एका कडेला पर्वतीचा कळस दिसतो, दुसऱ्या कडेला निळी टाकी, आणि टाकीवर सोसायटीच्या नावाची शेवटची तीन अक्षरं. सकाळच्या व्हिडिओत त्या टाकीची सावली कुठल्या अंगाला पडते तेही दिसतं. "मारुतीच्या देवळामागं, पिंपळाजवळ" एवढ्या पत्त्यावर मी 31 वर्षं समन्स बजावली आहेत. स्वारगेटला उतरल्यापासून दोन तास लागले. वॉचमनजवळ नुसतं "ते व्हिडिओ..." म्हणालो, तर पुढचं त्यानंच पुरं केलं: "मॅडम ना? तिसरा मजला, लिफ्टसमोर." माझं नाव विचारलं नाही. वही पुढं केली नाही.

वर आलो नाही. बाल्कनीत तुझी ती चौकड्याची शाल वाळत होती, ती बघितली आणि परत फिरलो. आईला हयातीच्या दाखल्यासाठी साताऱ्याला जातो म्हणून सांगून निघालो होतो.

तर खिडकीला पडदा लाव. एवढंच लिहायला बसलो होतो.

सोबत पोलिसांची नोटीस आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला होता, त्यावर निळी खूण आली, उत्तर आलं नाही. तुझ्या आधारवर अजून इथलाच पत्ता, म्हणून शिपाई इथं आला. पोरगेला होता, बुटाची नाडी सुटलेली. "काका, इथं सही" म्हणाला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्या घेतल्या, दारात उभं राहून घेणाऱ्याची सही मी पहिल्यांदा केली. सवयीनं खाली वेळही टाकली, 11.20. समोरच्या वहिनी गॅलरीत होत्या.

नव्या कायद्याचं कलम 35 (3) आहे, आमच्या वेळचं 41अ. यात बोलावतात. गेलीस, सांगतील तसं सहकार्य केलंस, तर सहसा अटक करत नाहीत. न जाणं मात्र महागात पडतं. गुन्हा न्याय संहितेच्या 196 आणि 353 खाली. 196 म्हणजे जुनं 153अ, समाजासमाजात तेढ. कारखान्यानं उसाची बिलं थकवली हे सांगितल्यानं कुठल्या समाजात तेढ येते, ते मला समजलेलं नाही. ऊस कारखान्यात पोचल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान भाव, द्यायचा हा 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशातला नियम. तू नऊ मिनिटांत तो असा सांगितलास की आईलाही कळला, आणि ती तेव्हा भाकऱ्या थापत होती. पण शेवटच्या मिनिटात त्या अध्यक्षांच्या आडनावावरून जो शेरा मारलास तो नको होता. तिथंच त्यांना दार सापडलं. आठ मिनिटं आकडे आणि एक मिनिट जीभ.

झालं, लागलो शिकवायला. दिवाळीत हेच झालं होतं. मी म्हणालो, माफी मागून मोकळी हो. तू म्हणालीस, "अप्पा, तुम्ही जन्मभर दुसऱ्यांच्या दारावर कागद डकवलेत, त्यातला एक तरी वाचलात का?" मी उठून बाहेर गेलो. उत्तर तेव्हा सुचलं नाही, आता लिहितो. सगळे वाचले. माणूस भेटला नाही तर दारावर प्रत डकवायची असते, त्या आधी वाचायचो. घरात बाई असली तर तिला सोप्या भाषेत सांगायचो, तारीख चुकवू नका म्हणून. ते काही नोकरीत धरलेलं नव्हतं.

तेंभूची गोष्ट आठवते का तुला? नऊ वर्षांची होतीस, शाळेला सुट्टी, सायकलीच्या कॅरिअरवर बसवून नेलं होतं. आधी तुला आगरकरांचं गाव दाखवलं. त्यांच्या जिवंतपणी लोकांनी त्यांची प्रेतयात्रा काढली हे सांगितलं, तर तू विचारलंस, "मग ते खिडकीतून बघत होते?" नंतर एका घरी समन्स होतं. दारात तुझ्याएवढीच मुलगी आली, "बाबा घरात नाहीत" म्हणाली. आणि तू मागून, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं, "मग या चपला कोणाच्या?" त्या पोरीचा चेहरा मला अजून दिसतो. मी अहवालात लिहिलं, "प्रतिवादी मिळून आला नाही." परतीच्या वाटेवर कृष्णेच्या पुलापर्यंत तू बोलली नाहीस. मग म्हणालीस, "तुम्ही खोटं लिहिलंत."

लिहिलं होतं खरं.

2022 च्या जूनमध्ये सरकार पडलं, तेव्हा तू माळ्याच्या जिन्यावर बसून, फोन पिठाच्या डब्याला टेकवून, घटनेचं दहावं परिशिष्ट, ते पक्षांतरबंदीचं, समजावलंस. तेव्हा पाहणारे दोनशेही नव्हते, त्यात दोन आम्ही. पुढं 11 मे 2023 ला घटनापीठाचा निकाल आला. बाकीचे दुपारीच जिंकून-हरून मोकळे झाले, तू सगळा वाचून काढलास आणि रात्री साडेअकराला बोललीस. तो व्हिडिओ मी आमच्या कोर्टातल्या जुन्या शिरस्तेदारांना दाखवला. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "पोरगी नीट वाचते." हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

आता दोन्ही बाजू तुला शिव्या देतात. याला तू शाबासकी समजतेस, तसं ते नेहमी नसतं. मागच्या वर्षी जुन्या सभेची फीत नवी म्हणून दाखवलीस आणि दुरुस्ती चार दिवसांनी, व्हिडिओखाली बारीक अक्षरात. भलत्याच माणसाला समन्स देऊन मी चार दिवस गप्प बसलो असतो, तर साहेबांनी मला उभं केलं नसतं.

तू म्हणतेस, इंटरनेटवर लिहिल्याबद्दल धरायचं ते आयटी कायद्याचं 66अ गेलं, अप्पा, 24 मार्च 2015 ला सुप्रीम कोर्टानं उडवलं. उडवलं. पण 2012 च्या नोव्हेंबरात पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या चार ओळींसाठी धरलं, तेव्हा फुटला तो त्यातल्या एकीच्या काकांचा दवाखाना. काकांनी एक ओळ लिहिली नव्हती. टीव्हीवरचे अर्णब गोस्वामी आणि खोट्या बातम्या तपासणारे मोहम्मद झुबेर ही दोन टोकं, पण 2020 मध्ये एकाला आणि 2022 मध्ये दुसऱ्याला सुप्रीम कोर्ट गाठावं लागलं ते एकाच दुखण्यापायी: जागोजागी दाखल झालेले गुन्हे. त्यांच्याकडे मोठे वकील होते. मला जेलची भीती नाही, तारखांची आहे. तारखेला येता येता म्हातारी झालेली माणसं मी व्हरांड्यात पाहिली आहेत. आणि खिडकीची आहे.

हे लिहायचं नव्हतं. तात्यांच्या उसाला तोड येईना. हंगाम सुरू झाला, टोळी शेजारच्या बांधापर्यंत आली आणि कोयते घेऊन परत गेली. कारखान्याचा चिटबॉय म्हणतो, तोडीचा प्रोग्रॅम वरून येतो. तात्या म्हणाले अनघाला कळवू नका. यावर व्हिडिओ करू नकोस. तात्यांना विचारल्याशिवाय करू नकोस. तुरा यायच्या आत तोड आली तर बरं.

आगरकरांनी आईला लिहिलेलं पत्र तुम्हाला शाळेत होतं, मोठ्या पगाराची आशा धरू नकोस म्हणून. वक्तृत्वाला तू तेच म्हणून दाखवलंस आणि कप आणलास. त्या माउलीनं उलट काय लिहिलं ते कोणी छापलं नाही. आगरकर अडतिसाव्या वर्षी दम्यानं गेले. तुझा पंप संपत आला असेल तर नवा आणून ठेव, थंडी पडली आहे.

हजर राहायची तारीख 4 डिसेंबर, सकाळी 11. वकील कोण ते कळव. मी येईन, आत येणार नाही, बाहेर बाकावर थांबेन. तू नको म्हणालीस तरी येईन.

पडदा एसटीच्या पार्सलनं पाठवला आहे, पावती पाकिटात आहे. हिरवा रंग कॅमेऱ्याला चालत नाही असं तू एकदा म्हणाली होतीस, म्हणून राखाडी घेतला. आईला साडेचार बाय चार माप सांगितलं. तिनं रात्री बसून शिवला, आतून अस्तरही लावलं. कोणाच्या खिडकीचा, ते विचारलं नाही.

तुझे
अप्पा