सूचना : विंडोज १० वापरणाऱ्या सभासदांसाठी

सर्व सभासदांना नमस्कार.

विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. संगणक चालू राहतो, म्हणून बऱ्याच जणांनी तिकडे काणाडोळा केलाय. पण नेट बँकिंग त्याच मशीनवर करत असाल तर हे अंगाशी येऊ शकतं.

विंडोज पुन्हा विकत घ्यायची गरज नाही. तुमची १० अस्सल आणि अ‍ॅक्टिव्हेट केलेली असेल, तर योग्य मशीनवर विंडोज ११ फुकट मिळते. लायसन्स त्या मशीनच्या हार्डवेअरशी जोडलेलं असतं, त्यामुळे 'की' (अ‍ॅक्टिव्हेशनचा कोड) पुन्हा टाकावी लागत नाही. सेटिंग्जमध्ये 'विंडोज अपडेट' उघडून पाहा. दुकानदार 'नवी की लागेल' म्हणाला, तर पैसे देण्याआधी इथे विचारा.

खरी अडचण जुन्या मशीनची. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय, बहुधा चिप), किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. कधीकधी टीपीएम असतं, पण बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) बंद ठेवलेलं. भंगारात काढण्याआधी तेवढं तपासाच.

फोटो, कागदपत्रं आधी दुसरीकडे कॉपी करून ठेवा. आणि चार्जर लावूनच सुरुवात करा, मध्येच लाईट गेली तर पंचाईत.