नाच ज्यांचा, त्यांना विचारून

डेली सिटी, कॅलिफोर्निया
१२ फेब्रुवारी

प्रिय मृणाल,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. शर्वरी तिच्या मैत्रिणीबरोबर फिलिपिनो लोकनृत्याच्या पथकात जाऊ लागली हे वाचून तू विचारलेस की, परदेशात जन्मलेली मुले चर्चच्या सभागृहात जे नाचतात त्याला लोकनृत्य म्हणायचे का, आणि त्यातून वारसा जपला जातो असे म्हणणे कितपत खरे आहे. तुझा लोककलांचा अभ्यास आहे, तेव्हा दोन ओळींच्या उत्तराने तुझे समाधान होणार नाही. म्हणून तालमींना बसून मी जे पाहिले आणि त्या निमित्ताने जे वाचले ते सविस्तर लिहिते. माझे मत आधीच सांगते. वारसा जपला जातो, पण तो पोशाखांमुळे किंवा टाळ्यांमुळे नव्हे. हा नाच मुळात कोणाचा, हे विचारून त्या माणसांपर्यंत जाण्याची तसदी जे पथक घेते, तिथे तो जपला जातो.

आमच्या डेली सिटीत जवळजवळ एक तृतीयांश वस्ती फिलिपिनो वंशाची आहे. या लोकांचे अमेरिकेत येणे जुने आहे. १९०६ साली पहिली पंधरा माणसे हवाईच्या उसाच्या मळ्यांवर मजुरीला आली. पुढे कॅलिफोर्नियाची शेते आणि अलास्कातील मासळी डबाबंद करण्याचे कारखाने त्यांच्याच हातांवर चालले. अमेरिकी नौदलाने फिलिपिन्समधून माणसे भरती केली आणि कित्येक वर्षे त्यांना मुख्यतः स्वयंपाकी आणि वाढपी म्हणून ठेवले. त्यांची कुटुंबे सान डिएगोसारख्या नौदलाच्या शहरांत वसली. १९६५चा स्थलांतराचा नवा कायदा झाल्यावर परिचारिका आणि डॉक्टर मोठ्या संख्येने आले. यानंतरच्या काळात पथके उभी राहू लागली, हा मला योगायोग वाटत नाही. सान डिएगोचे ‘सामाहान’ १९७४चे, लॉस एंजेलिसचे ‘कायामानान नग लाही’ १९९०चे. रात्रपाळी करणाऱ्या आईबापांना आपली मुले शनिवारी कोणाच्या तरी नजरेखाली, आपल्या माणसांत असावीत असे वाटत होते, आणि नृत्य हे त्याचे सर्वांना मान्य होणारे कारण ठरले.

आता मुख्य गोष्टीकडे येते. आज ही मुले जे नाचतात ते गावाच्या अंगणातून थेट इथे आलेले नाही. मध्ये दोन मोठे टप्पे आहेत. पहिला टप्पा म्हणजे फ्रान्सिस्का रेयेस आकिनो. या बाईंनी १९२०च्या दशकात, विद्यापीठात शिकत असतानाच, बेटाबेटांवर फिरून नृत्ये गोळा करायला सुरुवात केली. पाऊल कुठे पडते, हात कसा वळतो, पोशाख काय, वाद्ये कोणती, हे सारे त्यांनी लिहून काढले, आणि आंतोनिनो बुएनाव्हेंतुरा या संगीतकाराने सुरांची टिपणे केली. १९२६ साली त्यांनी यावर प्रबंध लिहिला आणि पुढे अनेक खंडांची पुस्तके काढली. आपल्या विनोबांना १९५८मध्ये मिळालेला मॅगसेसे पुरस्कार १९६२ साली त्यांनाही मिळाला. मृणाल, मला या बाईंविषयी फार आदर वाटतो. इथे शिकवणाऱ्या कित्येकांनी मायदेशी असताना यांतली बहुतेक नृत्ये कधी पाहिलीही नव्हती. ती त्यांनी या टिपणांच्या आधाराने उभी केली. ती पुस्तके नसती तर परदेशात आज नाचायला फारसे काही उरले नसते.

दुसरा टप्पा ‘बायानिहान’ या मनिलाच्या पथकाचा. १९५७ साली फिलिपिन विमेन्स युनिव्हर्सिटीत हेलेना बेनितेझ यांनी ते स्थापन केले. पुढच्याच वर्षी ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात त्याने प्रेक्षकांना थक्क केले आणि १९५९मध्ये ते न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर पोचले. लुक्रेसिया रेयेस उर्तुला यांनी नृत्ये बसवली, लुक्रेसिया कासिलाग यांनी संगीताची बाजू सांभाळली. रात्रभर चालणारा, गावाने मिळून केलेला नाच त्यांनी पाच-सात मिनिटांचा, प्रेक्षकांकडे तोंड असलेला केला आणि सगळ्या देशाची नृत्ये भागांत मांडली: कोर्दिलेराच्या डोंगराळ जमातींची, स्पॅनिश वळणाची, मिंदानाव आणि सुलूच्या मुस्लिम समाजांची, इतर आदिवासींची, आणि शेवटी खेड्यातल्या सुगीची आनंदी नृत्ये. कॅलिफोर्नियातील विद्यापीठांमध्ये फिलिपिनो विद्यार्थी दरवर्षी जी सांस्कृतिक रात्र साजरी करतात, तिचा क्रम आजही बहुतेक हाच असतो.

या मांडणीचा एक परिणाम मला फार विचार करण्यासारखा वाटतो. फिलिपिन्समध्ये ७,६४१ बेटे आहेत आणि तिथे माणूस आपल्या प्रांताचा नाच नाचतो. इलोकोसच्या शेतकऱ्याला सुलूचा पांगालाय येण्याचे काही कारण नसते. परदेशात मात्र तोच माणूस ‘फिलिपिनो’ होतो आणि त्याची मुले सगळ्या देशाची नृत्ये नाचू लागतात. हे खोटे आहे असे मी म्हणणार नाही. दूर गेल्यावर आपण एका देशाचे आहोत ही जाणीव लोकांना खरोखरच होते, आणि ती व्यक्त करायला त्यांना काहीतरी हवे असते. पण सगळेच आपले असे एकदा मानले की, त्यातले कोणाचे काय, हे विचारायचे राहून जाते.

स्पॅनिश वळणाच्या नृत्यांविषयी तुला वेगळे सांगायला नको. स्पेनने तिथे १५६५पासून १८९८पर्यंत राज्य केले. जोता, पोल्का, माझुर्का हे प्रकार जमीनदारांच्या दिवाणखान्यांत रुजले आणि त्यांना रोंदाल्या या तंतुवाद्यवृंदाची साथ मिळाली. गोव्याचा मांडो डोळ्यांसमोर आण, म्हणजे पोर्तुगीज अमलाखाली आपल्याकडे जे घडले त्याच्याशी याचे नाते लगेच लक्षात येईल.

तिनिक्लिंगबद्दल मात्र थोडे सावकाश लिहिते, कारण ते मी अगदी जवळून पाहिले आहे. लेते बेटाचे हे नृत्य, भाताच्या शेतात वावरणाऱ्या तिक्लिंग पक्ष्याच्या चालीवरून बसलेले. आठ-नऊ फुटांचे दोन बांबू, त्यांच्या टोकांशी समोरासमोर गुडघे टेकून बसलेले दोघे, आणि तीन मात्रांचा ताल: दोनदा बांबू खालच्या फळीवर, एकदा एकमेकांवर. बांबू मिटण्याआधी नाचणाऱ्याचे पाऊल बाहेर हवे. शर्वरीला शिकवणाऱ्या आजी लेतेच्याच आहेत, आयुष्यभर इस्पितळात परिचारिका होत्या. त्या नव्या मुलाला कधीही आधी नाचायला उभे करत नाहीत. त्याला बांबू धरायला बसवतात. ताल बांबू धरणाऱ्याच्या हातात असतो, तो घाईला आला तर दुसऱ्याचा घोटा सडकून निघतो, तेव्हा ही जबाबदारी ज्याला पेलली त्यालाच पुढे पाऊल टाकता येते, असे त्यांचे म्हणणे. नाचायला उभे केल्यावर आजी पायांकडे बघू देत नाहीत, काही आठवड्यांनी मोठ्याने मोजणेही बंद करतात. मग मुले बांबूचा आवाज ऐकायला लागतात. खाली न बघता, हसत, मान वर ठेवून शर्वरी बांबूंमधून गेली तेव्हा मला फार आनंद झाला. मात्र तो नाच तिच्या अंगात आला तो त्या आजींमुळे, हेही मला स्पष्ट दिसले. असेच पांदांगो सा इलाव या नृत्याचे. डोक्यावर एक आणि दोन्ही हातांच्या पंजांवर एकेक दिवा पेलायचा असतो, आणि सराव पाण्याने भरलेल्या पेल्यांनी चालतो. किती सांडले हे जमिनीवर दिसते, त्यामुळे कोणी कोणाला रागावण्याची वेळ येत नाही.

सर्वात अवघड प्रश्न सिंगकिलचा. मिंदानावातील लानाव सरोवराकाठच्या मारानाव या मुस्लिम समाजाचे हे नृत्य, त्यांच्या दारांगेन महाकाव्यातील राजकन्येच्या कथेशी जोडलेले. मुळात ते प्रतिष्ठित घराण्यांतील स्त्रियांचे, संयत आणि धीमे. रंगमंचावर त्यात ढालतलवार घेतलेला राजपुत्र आला, आडवेतिडवे बांबू वेगाने आपटू लागले, आणि पाहणाऱ्याला वाटू लागले की मारानाव असेच नाचतात. त्या समाजातील जाणकारांनी यावर आक्षेप घेतला आहे, आणि मला तो पूर्णपणे न्याय्य वाटतो. ज्यांच्या घरातली गोष्ट, त्यांना न विचारता बदलायची आणि वर त्यांचेच नाव लावायचे, हे बरोबर नाही. आपल्याकडे शाळांच्या स्नेहसंमेलनांत चेहऱ्यावर पांढरे पट्टे ओढून आणि पानांचे झगे घालून जे ‘आदिवासी नृत्य’ होते, ते पाहून जव्हारच्या वारली माणसाला काय वाटत असेल, याचा विचार मी पूर्वी केला नव्हता. आता तो टाळता येत नाही.

यातून वाट काढणारी माणसेही याच समाजात निघाली, आणि तुला मुख्यतः त्यांच्याविषयीच सांगायचे होते. मिंदानावातील मागिंदानाव समाजाचे दानोंगान कालांदुयान १९७६ साली सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात आले आणि २०१६मध्ये निधन होईपर्यंत अमेरिकेत कुलिंतांग शिकवत राहिले. कुलिंतांग म्हणजे एका ओळीत मांडलेल्या लहान घंटांसारख्या गाँगांचे वाद्य. बरोबर आगुंग हे मोठे गाँग आणि दाबाकान हा ढोल. ते कानाने शिकायचे असते, आणि ताल अंगात मुरल्यावर वाजवणारा स्वतःची भर घालतो. १९९५ साली त्यांना अमेरिकेचा राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला. ध्वनिमुद्रित संगीतावर नाचणाऱ्या मुलांना त्यांनी जिवंत वाद्यांसमोर बसवले, आणि हे संगीत एका विशिष्ट समाजाचे आहे, तो समाज आजही हयात आहे, हे त्यांच्या मनावर ठसले. २००८ साली आमच्या परिसरात स्थापन झालेले ‘पारांगाल’ हे पथक याच दिशेने पुढे गेले आहे. ते फिलिपिन्समधील मूळ जमातींकडे जाऊन राहतात, त्यांच्याकडून शिकतात, सादरीकरणाची परवानगी घेतात, आणि शक्य तिथे पोशाखही त्यांच्याकडूनच विणून घेतात.

शर्वरीच्या पथकात सिंगकिलवरून बरीच खडाजंगी झाली. वयस्क मंडळींपैकी काहींना वाईट वाटले, कारण हेच नृत्य त्यांनी तरुणपणी अभिमानाने शिकले आणि शिकवले होते. परक्या देशात अपमान गिळून जगताना त्यांना त्या नाचाने ताठ मानेने उभे केले, हे आपण विसरता कामा नये, आणि त्यांचा तो अभिमान मला लटका वाटत नाही. शेवटी असे ठरले की नृत्य ठेवायचे, परंतु कार्यक्रमात ते रंगमंचासाठी रचलेले आहे असे स्पष्ट सांगायचे, मूळ मारानाव समाजाचे नाव घ्यायचे, आणि पुढच्या वर्षी एखाद्या मारानाव शिक्षिकेकडून धीम्या रूपाचे शिक्षण घ्यायचे. त्यासाठी निधी जमवण्याचे काम सुरू झाले आहे. दर रविवारी पालक लुंपिया आणि पान्सित करून विकतात, आणि मीही पुरणपोळ्या करून देते. त्या बऱ्याच खपतात.

तुझ्या मूळ प्रश्नावर मला एवढेच म्हणायचे आहे की, गावातला नाचही कधी स्थिर नव्हता, म्हणून परदेशातला बदलला एवढ्यावरून मी त्याला खोटा म्हणणार नाही. बदल कोणी केला, कोणाला विचारून केला आणि शिकवणारे माणूस समोर आहे की नाही, हे मी पाहीन.

जव्हारकडच्या तारपावादकांना तुझ्या शाळेत मुलांना शिकवायला बोलावण्याचा तुझा विचार होता. त्यांचे मानधन, राहण्याची सोय आणि मुलांनी तिकडे जाण्याची व्यवस्था तू कशी केलीस, ते मला तपशीलवार लिही. इथल्या समितीपुढे मारानाव शिक्षिकेच्या संदर्भात नेमके हेच प्रश्न आहेत आणि त्यांची बैठक मार्चच्या पहिल्या आठवड्यात आहे. त्याआधी तुझे पत्र आले तर मी ते इंग्रजीत करून त्यांना वाचून दाखवीन.

काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
वसुधा