सुतकाचे दहा दिवस आणि एक सिनेमा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या भागातल्या एका मराठी मंडळाने यंदा कोणते सिनेमे दाखवावेत म्हणून सभासदांकडून नावं मागवली होती. मी 'साबर बोंडं' हा दोन पुरुषांच्या प्रेमाचा मराठी चित्रपट सुचवला. दुसऱ्याच दिवशी ग्रुपवर उत्तर आलं, "ताई, चित्रपट चांगला असेलही, पण सहकुटुंब पाहण्यासारखा नाही." त्याखाली पाच-सहा जणांनी हात जोडले, विषय संपला. मला ते उत्तर फार लागलं. का लागलं, ते सांगते.

जानेवारी २०११मध्ये आमचे दादा, म्हणजे वडील, गेले. दहाव्याला आम्ही सगळे उज्जैनला, क्षिप्रेच्या काठी. पिंड ठेवला, पण कावळा काही शिवेना. समोरच्या झाडावर चार-पाच बसलेले, एक खाली उतरायला तयार नाही. 'आईला अंतर देणार नाही' म्हणून झालं, 'घर विकणार नाही' म्हणून झालं. मग काका माझ्या धाकट्या भावाला म्हणाले, "दादांचा जीव तुझ्या लग्नात अडकलाय. करतो म्हण, लगेच शिवेल." भाऊ ओल्या धोतरात कुडकुडत उभा होता. सगळ्यांची नजर त्याच्यावर. तो हात जोडून तसाच उभा राहिला, पण ते वाक्य काही त्याने उच्चारलं नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. परतताना इंदूर येईपर्यंत गाडीत त्याच्याशी कुणी बोललं नाही. मीसुद्धा नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

फेब्रुवारी २०१६च्या अखेरीस तो घरी आलेला असताना आम्ही दोघं 'अलीगढ' पाहायला गेलो. मनोज बाजपेयींनी त्यात साकारलेले प्रा. रामचंद्र सिरस खरोखरचे होते. मूळचे नागपूरकडचे, अलीगढला मराठी शिकवायचे. 'पायाखालची हिरवळ' हा त्यांचा कवितासंग्रह. आपल्यासारखंच हिंदी मुलखात राहून मराठी जपणारा माणूस! त्यांच्या घरात घुसून कुणीतरी एका पुरुषाबरोबरचं त्यांचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून विद्यापीठाने निलंबित केलं त्यांनाच. १ एप्रिल २०१० रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्या निलंबनाला स्थगिती दिली आणि आठवडा उलटायच्या आत ते राहत्या खोलीत मृत सापडले. सिनेमात कोर्टात त्यांच्यावरच वाद चाललेला असतो आणि ते आपल्या कवितांच्या भाषांतरात गुंतलेले असतात. तिथे मला रडू आलं. भाऊ मात्र ताठ बसून होता. बाहेर पडून रिक्षाची वाट पाहताना तो एवढंच म्हणाला, "ताई, उज्जैनला मी गप्प का होतो, ते आता तुला कळलं असेल." तेव्हा तो त्रेचाळीस वर्षांचा होता. इतकी वर्षं त्याने हे एकट्याने वाहिलं, आणि सख्ख्या बहिणीशी बोलायला त्याला एका सिनेमाचा आधार घ्यावा लागला.

६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने ३७७ कलमातला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग रद्द केला, तेव्हा त्याने दुपारीच फोन केला होता. दोघांनाही फार बोलता आलं नाही.

आता 'साबर बोंडं'. रोहन परशुराम कानवडे यांच्या या पहिल्याच चित्रपटाला २०२५च्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागातलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. पण मी त्यासाठी तो सुचवला नव्हता. त्यात आहे काय? वडील जातात, मुंबईचा आनंद आईबरोबर गावी जातो, दहा दिवसांचं सुतक पाळतो. नातेवाईक त्याच्या लग्नाचं काढतात. लहानपणीचा मित्र बाळ्या पुन्हा भेटतो आणि दोघं हळूहळू जवळ येतात. आईला मुलाचं सगळं ठाऊक आहे आणि ती त्याच्या बाजूने उभी आहे. जयश्री जगतापांची ती आई पाहताना, त्या घाटावर मी जे बोलायला हवं होतं ते मला ऐकू येत होतं. सुतक, भाऊबंद, विधवा आई, लग्नाचा तगादा, याहून 'सहकुटुंब' आणखी काय असतं?

हे सगळं आत्ताचं खूळ आहे, असंही एकाने ग्रुपवर लिहिलं. जब्बार पटेलांचा 'उंबरठा' १९८२चा. त्यातल्या महिलाश्रमात दोन बायकांचं एकमेकींवर प्रेम असतं. मी तो आईच्या शेजारी बसून पाहिला होता आणि घरी येऊन आम्ही त्यावर बोललोही होतो. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे याच विषयावरचं नाटक त्याच्याही आधी रंगभूमीवर आलं होतं.

मंडळाला माझी हात जोडून विनंती आहे, एक खेळ लावा. रविवार नको असेल तर मधल्या वारी लावा. वीस तिकिटं मी स्वतः काढते. आपल्या घरांतल्या ज्या मुलामुलींना हे अजून कुणाशीच बोलता आलेलं नाही, त्यांना आईच्या किंवा आत्याच्या शेजारी बसून तो पाहता आला पाहिजे.

हे पत्र पाठवण्याआधी भावाला फोनवर वाचून दाखवलं. "नाव तेवढं घालू नकोस," म्हणाला. थोड्या वेळाने त्याचाच पुन्हा फोन आला, "तारीख ठरली की कळव, पुण्याहून रिझर्वेशन करतो."

आपली,
एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर