तार घालण्याआधी चिपसेट पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुना लॅपटॉप वेगवान करण्याविषयी आपल्या पुरवणीत आलेल्या लेखात ‘प्रोसेसरच्या दोन पिना बारीक तारेने जोडल्या की कोणताही लॅपटॉप तिसऱ्या हिश्श्याने वेगवान होतो’ असे म्हटले आहे. युक्ती खरी आहे. ‘कोणताही’ हा शब्द मात्र चुकीचा आहे, आणि त्यावर विसंबून सॉकेटमध्ये तार खुपसणाऱ्याचे मदरबोर्ड जाऊ शकते.

ही युक्ती इंटेलच्या कोअर २ पिढीतल्या, सॉकेटवर बसणाऱ्या प्रोसेसरची आहे. तिथे प्रोसेसरचा वेग म्हणजे बसचा (प्रोसेसर आणि बाकी बोर्ड यांना जोडणाऱ्या मार्गाचा) मूळ ठोका गुणिले गुणक. गुणकाची कमाल मर्यादा कारखान्यातच बांधलेली असते. ठोका किती हवा हे मात्र प्रोसेसर बीएसईएल नावाच्या तीन पिनांवरून मदरबोर्डला सांगतो. बीएसईएल२, १, ० या क्रमाने खाली-खाली-वर म्हणजे १३३ मेगाहर्ट्झ, खाली-वर-वर म्हणजे १६६, खाली-वर-खाली म्हणजे २०० आणि तिन्ही खाली म्हणजे २६६. ‘खाली’ म्हणजे ग्राउंड, शून्य व्होल्ट; ‘वर’ म्हणजे पिनेवर व्होल्टेज आहे. तारेने काय साधेल आणि काय नाही, ते या तक्त्यातच आहे.

टी६४०० हा प्रोसेसर घ्या. २०० गुणिले १०, म्हणजे २ गिगाहर्ट्झ. २६६ वर न्यायचे तर फक्त बीएसईएल१ वरून खाली आणायची. ही पीन बी२३ (ओळ बी, रकाना २३), आणि शेजारची बी२४ ग्राउंडच आहे. दोन्ही जोडल्या की २.६६ गिगाहर्ट्झ. टी७२०० या प्रोसेसरला १६६ वरून २०० वर न्यायचे तर बीएसईएल० खाली आणावी लागते, म्हणजे बी२२ आणि बी२१ जोडायच्या. २ चे २.४ होतात.

आता टी५२०० हा प्रोसेसर पाहा. १३३ वरून १६६ वर जायला बीएसईएल१ खालून वर न्यावी लागते. तारेने पीन खाली ओढता येते, वर ढकलता येत नाही. इथे पिनेचा संपर्कच तोडावा लागतो. नेलपॉलिश लावले तर पीन सॉकेटमध्ये सरकताना ते बहुधा खरवडून निघते. काहीजण पीनच मोडतात. ती पुन्हा बसत नाही. शिवाय मदरबोर्डवर ती रेषा वर ओढणारा रोधक नसेल तर ती अधांतरी राहते आणि यंत्र कधी सुरू होते, कधी होत नाही.

त्याआधीचा प्रश्न चिपसेटचा, म्हणजे प्रोसेसरला रॅम आणि बाकी भागांशी जोडणाऱ्या मदरबोर्डवरच्या चिपचा. ९४५ मालिका १६६ पर्यंत, ९६५ मालिका २०० पर्यंत आणि जीएम४५/पीएम४५ या जोडीची झेप २६६ पर्यंत. टी६४०० चा प्रयोग ४५ मालिकेच्या बोर्डावरच करावा. ९६५ वर बीएसईएल१ खाली आणली की पंखा फिरतो, पडदा काळाच राहतो. तार काढली की बहुधा सगळे पूर्ववत होते. सीपीयू-झेड या यंत्राची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या ‘मेनबोर्ड’ पानावर चिपसेटचे नाव दिसते. स्क्रू उघडण्याआधी तेवढे पाहावे.

तार बहुपदरी वायरीतला एकच केसासारखा धागा असावा. ती यू आकारात वाकवून सॉकेटच्या दोन भोकांत टाकायची आणि वर प्रोसेसर अलगद बसवायचा. तार जाड असेल तर सॉकेटची पकड कायमची सैल होते; लांब असेल तर तिसऱ्या पिनेला टेकते. सर्वात जास्त चुका मोजण्यात होतात. प्रोसेसर उलटा धरला की डावे-उजवे बदलते. बी ही दुसरी ओळ, रकाने २६. म्हणजे २३ वा रकाना २६ च्या टोकाकडून चौथा. आकृती सॉकेटची आहे की प्रोसेसरच्या पोटाची, हे आधी ठरवावे. बॅटरी आणि अ‍ॅडॅप्टर दोन्ही काढलेले असावेत, हे सांगायला नको.

सॉफ्टवेअरने ठोका वाढवण्यापेक्षा हा मार्ग मला बरा वाटतो, कारण बीएसईएलच्या रेषा चिपसेटही वाचतो आणि रॅमचे प्रमाण त्यानुसार धरतो. नुसते क्लॉक जनरेटरला (ठोका तयार करणाऱ्या चिपला) डिवचले तर रॅमही सोबत पळते. शिवाय पुष्कळ बोर्डांवर त्या चिपची टीएमई नावाची कुलुपाची पीन सुरू होतानाच ‘वर’ वाचली जाते आणि सॉफ्टवेअरचा मार्ग बंद होतो.

लेखात उष्णतेचा उल्लेखच नाही. व्होल्टेज तेच ठेवून ठोका तिसऱ्या हिश्श्याने वाढवला तर स्विचिंगची वीजही जवळपास तेवढीच वाढते. ३५ वॅटसाठी बनवलेल्या तांब्याच्या नळीवर ४५ वॅटच्या आसपास भार येतो. धूळ झाडून थर्मल पेस्ट नवी लावल्याशिवाय हे करू नये. ६५ वॅटचा अ‍ॅडॅप्टर बॅटरी चार्ज करत असताना तोकडा पडू शकतो. आणि २ गिगाहर्ट्झसाठी ठरवलेले व्होल्टेज २.६६ ला प्रत्येक नगाला पुरेलच असे नाही. विंडोज सुरू झाली म्हणजे जमले असे समजू नये. प्राइम९५ हा प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारा चाचणी प्रोग्राम काही तास चालवावा. त्याने गणिताची चूक दाखवली किंवा निळा पडदा आला तर त्या नगाची ऐपत तेवढीच. तार काढावी.

सँडी ब्रिज या प्रोसेसर पिढीपासून, म्हणजे २०११ पासूनच्या इंटेल लॅपटॉपांत, हा प्रयोग संभवतच नाही. मूळ १०० मेगाहर्ट्झचा ठोका चिपसेटमध्येच तयार होतो आणि पीसीआय एक्सप्रेससह (ग्राफिक्ससारखे भाग जोडणाऱ्या मार्गासह) बाकी सगळे त्याच्याशी बांधलेले असते. काही टक्क्यांपलीकडे ताणला की यंत्र अडखळते. त्यानंतरच्या ब्रॉडवेल पिढीपासून तर लॅपटॉपचा प्रोसेसर बोर्डावर झाळूनच येतो, तार घालायला सॉकेटच नसते.

पुढील अंकात निदान चिपसेटची अट आणि वरचा तक्ता छापावा, ही विनंती.

आपला,
एक संगणक दुरुस्ती तंत्रज्ञ, पुणे