डीन हा बिशपचा हाताखालचा माणूस नव्हे

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

डीन म्हणजे बिशपच्या हाताखालचा माणूस, असं तू समजलास. डीन म्हटलं की आपल्याला मेडिकल कॉलेज आठवतं, म्हणून तुझा घोटाळा झाला. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चमध्ये, डीन म्हणजे कॅथीड्रलचा प्रमुख. बिशप म्हणजे एका भागातल्या सगळ्या चर्चांचा प्रमुख, आणि त्याचं आसन जिथे, ते कॅथीड्रल. मुंबईचं सेंट थॉमस 1718 पासून साधं चर्च होतं, 1837 मध्ये मुंबईला बिशप आला आणि त्याच भिंती कॅथीड्रल झाल्या. आसन बिशपचं खरं, पण घर चालवतो डीन आणि त्याचं चॅप्टर, म्हणजे कारभारी मंडळ. नवा बिशप पहिल्यांदा येतो तेव्हा बंद दारावर हातातल्या धर्मदंडाने तीनदा ठोठावतो, मगच त्याला आत घेतात. आत गायकवृंद समोरासमोर दोन रांगांत उभा असतो. दक्षिणेची बाजू डीनची, उत्तरेची प्रिसेंटरची, म्हणजे संगीत आणि उपासना सांभाळणाऱ्या कॅननची (कॅनन म्हणजे कॅथीड्रलचा धर्मगुरू).

तिथवर पोचायला वेळ लागतो. दोन-तीन वर्षं धर्मशिक्षण, मग डिकन ही पहिली दीक्षा, बहुधा वर्षभराने प्रीस्ट म्हणजे पूर्ण धर्मगुरू, तीन-चार वर्षं क्युरेट म्हणजे मदतनीस धर्मगुरू म्हणून उमेदवारी, मग स्वतःचा पॅरिश, म्हणजे एका चर्चचा परिसर. नियमाने दीक्षेला सहा वर्षं झाली की डीन होता येतं. प्रत्यक्षात वीस-पंचवीस सहज जातात.

आता ह्यूलेट जॉन्सन बघ. जन्म 1874 चा, शिक्षणाने इंजिनिअर. 1908 मध्ये इंग्लंडातल्या ऑल्ट्रिंचमला व्हिकर, म्हणजे पॅरिशचा धर्मगुरू, 1924 मध्ये मँचेस्टरचा डीन, 1931 मध्ये कँटरबरीचा. हा सोव्हिएत रशियाचा उघड समर्थक, लोक त्याला 'रेड डीन' म्हणत. 1951 मध्ये त्याला स्टालिन शांतता पारितोषिकही मिळालं. पंचाईत झाली कँटरबरीचे आर्चबिशप, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचे सर्वांत वरिष्ठ बिशप, फिशर यांची. परदेशात कँटरबरीचा डीन कोण आणि कँटरबरीचा आर्चबिशप कोण, हे लोकांना उमगेना, आणि जॉन्सनचं बोलणं फिशर यांच्या नावावर जाई. पण डीनची नेमणूक राजाची. कायदेशीर गुन्हा सिद्ध झाल्याशिवाय डीनला हलवता येत नव्हतं, आणि मतं हा काही गुन्हा नव्हे.

स्टालिनच्या काळातले अत्याचार त्याने बघायचे नाकारले, हे मला अक्षम्य वाटतं. तरीही ते संरक्षण असायलाच हवं होतं असं माझं ठाम मत आहे. तेच कवच उद्या खरं बोलणाऱ्या डीनलाही लागतं. निवृत्तीची सत्तरीची अट 1975 च्या कायद्याने आली. जॉन्सन 1963 मध्ये, 89 व्या वर्षी, स्वतःहून पायउतार झाला.

तुझा,
दिलीप